घरात सांगितलेली गोष्ट

मावशी, तुझं नाव मी इथे लिहिणार नाही. फोटोही छापणार नाही. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी दोनदा फोन करून विचारलं, नाव नाही, फोटो नाही, मग वाचकांना कळणार कसं कोण गेलं ते? मी म्हटलं, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली, तिथली मूळची, चित्रं काढणारी एक बाई गेली आणि ती माझी मावशी होती, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. ते जरा नाराज झाले. होऊ देत. लिहायच्या आधी मी ताईला विचारलंय. ताई म्हणजे तुझी भाची, तुझ्याबरोबर टोकियोला आली होती ती. ती म्हणाली, लिही, पण नाव नको, फोटो नको, आणि ते नको. ते म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. मी ते सांगणार नाहीये. पण ते एकदा सांगून बसले, त्याबद्दल मात्र लिहिणार आहे.

तू गेल्याचा ताईचा मेसेज आला तेव्हा मी इमारतीखाली कचऱ्याच्या जागी उभी होते. काचेच्या बाटल्या आणि डबे टाकायचा दिवस. हातात लोणच्याच्या धुतलेल्या बाटल्या होत्या. मेसेज वाचला, बाटल्या क्रेटमध्ये नीट ठेवल्या, झाकणं वेगळी केली, वर आले आणि मग रडले. इथे राहून राहून रडण्याआधीसुद्धा कचरा वेगळा करायची सवय लागलीय.

मग आपल्याकडे जे करतात तेच केलं. माझ्या आईच्या वेळीही केलं होतं. तुझा एक फोटो होता, आमच्या स्वयंपाकघरात काढलेला, तू मान मागे टाकून हसतेयस. तो मोठा करून आणला, फ्रेम केला. इथल्या सुपरमार्केटात घरच्या देव्हाऱ्यासाठी शेवंतीच्या जुड्या मिळतात, त्यातल्या दोन आणून हार ओवला. निरांजन लावलं. खाली सुंदर अक्षरात तुझं पूर्ण नाव लिहिलं. आणि शहाणीसारखा त्या सगळ्याचा फोटो काढून ताईला पाठवला. आमच्यात फोटोला हार पडल्याशिवाय माणूस गेल्यासारखं वाटत नाही गं.

पाच मिनिटांत तिचा फोन आला. रागावली नाही. सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, की आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, चेहरा दाखवत नाहीत, आम्ही पुन्हा सांगेपर्यंत. ते दिसलं, ऐकू आलं, की तिला जाता येत नाही. मी हार काढला, फ्रेम उलटी करून साड्यांखाली ठेवली, नाव लिहिलेला कागद फाडला. खरं तर मला हे माहीत होतं. तूच सांगितलं होतंस, आणि म्युझियमच्या कामासाठी मी ते जपानीत भाषांतरही केलं होतं. दुसऱ्यांना समजावून सांगितलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा डोक्यात फक्त शेवंतीचा हार.

मग तिने विचारलं, म्युझियममधलं तिचं नाव आणि फोटो झाकता येईल का? म्हटलं, मी स्वतः जाते. आणि ती म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं. तुला सगळं नीट ठाऊक आहे."

त्या वाक्यानंतर दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही.

तुला आठवत असेल, तीन वर्षांपूर्वी मी तुला घ्यायला विमानतळावर आले होते. आमच्या छोट्या म्युझियमने तुझं प्रदर्शन भरवलं होतं आणि मी दुभाषी. गळ्यात नवंकोरं ओळखपत्र. त्याआधीची सात-आठ वर्षं मी टोकियोतल्या फुनाबोरीत कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी आई होते. व्हिसावरसुद्धा तसंच लिहिलेलं असतं. भांडी घासता घासता जपानी शिकले, परीक्षा दिल्या, आणि शेवटी ही एक वर्षाच्या कराराची नोकरी लागली. मी इतकी तयारी करून आले होते की तुझ्या जन्मगावाचे उच्चार पाठ होते. तू बाहेर आलीस, डोक्यावर लोकरीची टोपी, पायात चपला, आणि माझं नाव न विचारता विचारलंस, तू कुणाची? तुझी जमीन कुठली? तिथे पाणी आहे का? मी म्हटलं, चिंचवडची, नदी आहे पण पाणी पिण्यालायक नाही. तू एवढ्या मोठ्याने हसलीस की रांगेतले जपानी लोक वळून बघायला लागले.

हॉटेल तुला सोसलं नाही. पलंग उंच, जेवण गार. तिसऱ्या दिवशी ताईने हळूच सांगितलं की तू जमिनीवर झोपतेस आणि फक्त केळी खातेस. मग काय, उचललं आणि घरी जेवायला आणलं तुम्हा दोघींना. वरण-भात, तूप, लिंबू. तू न सांगता हाताने कालवून खाल्लंस आणि मेतकुटाची बरणी जवळ ओढलीस. माझ्या आईबद्दल विचारलंस. म्हटलं, ती गेली, वर्ष झालं. तू बोटं पुसलीस, ताईशी तुमच्या भाषेत काहीतरी बोललीस, आणि ताईने मला सांगितलं की आता ती तुझ्या आईची बहीण. तुमच्यात आईची बहीण म्हणजे आईच. मी म्हटलं, आमच्यात म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. हे तुला इंग्रजीत समजावताना माझी तारांबळ उडाली. समजल्यावर तू म्हणालीस, की कठोर आहे पण बरोबर आहे.

मला वाटलं, गोड बोललीस. परदेशी पाहुणे बोलतात तसं. त्याच संध्याकाळी मंदार ऑफिसातून आला, दारातून वाकून "कोन्बान्वा" म्हणाला, आणि तू डोक्यावरून माझी ओढणी ओढून भिंतीकडे तोंड केलंस. तो बिचारा तिथेच थिजला. त्याला वाटलं, बूट काढायला विसरलो की काय. ताई म्हणाली, आता तो जावई झाला. सासूने जावयाचं तोंड बघायचं नाही, बोलायचं नाही, एका खोलीत बसायचं नाही. आमच्याकडे जावयाला पाटावर बसवून पुरणपोळी वाढतात, आणि इथे माझा नवरा स्वतःच्या घरात आतल्या खोलीत बसून ताट दाराबाहेर ठेवायची वाट बघतोय! पुढचे अठरा दिवस तू जेव्हा जेव्हा आलीस तेव्हा तो आधी फोन करून विचारायचा, येऊ का. तेव्हा हसून हसून माझं पोट दुखलं होतं. पण त्याच दिवशी मला कळायला हवं होतं, की तू नातं तोंडदेखलं जोडलेलं नव्हतंस. तू ते पाळत होतीस. मी नुसती मिरवत होते.

आपलं भांडण मात्र पहिल्या दिवसापासून होतं. तुझं ते मोठं चित्र, आमच्या बैठकीच्या खोलीएवढं, म्युझियमच्या माणसांनी उलगडलं आणि त्यांचा प्रश्न, वरची बाजू कुठली? तू म्हणालीस, तुम्ही बसाल त्याच्या समोरची. तू ते जमिनीवर पसरून, चारी बाजूंनी सरकत सरकत, गुडघे दुखेपर्यंत बसून काढलेलं, त्याला कुठली आलीय वरची बाजू. मला ते पटेना. मी म्हणायची, मनात तरी एक असेलच की. तू म्हणायचीस, तुझ्या चिंचवडला वरची बाजू कुठली? मी नकाशा काढून दाखवला, उत्तर वर. तू तो नकाशा माझ्या हातून घेतलास, जमिनीवर ठेवलास आणि त्याभोवती चालून आलीस. भांडण तिथेच राहिलं.

आणि माझे प्रश्न! ठिपकेच का, हा रंग का, ही रेघ म्हणजे रस्ता का, हे गोल म्हणजे काय. तू लहानपणी आईच्या मागे मैलोन्‌मैल चाललीस, मग गोऱ्यांच्या गुरांच्या मळ्यावर स्वयंपाकघरात भांडी घासलीस, आणि ब्रश हातात आला तेव्हा पन्नाशी उलटली होती, हे सगळं तू न विचारता सांगितलंस. विचारलेल्याचं उत्तर द्यायची नाहीस. एकदाच ठिपक्यांबद्दल म्हणालीस, की ते झाकायला असतात, खाली जे आहे ते. मी लगेच विचारलं, खाली काय आहे? तू ताईकडे बघून नुसती हसलीस. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे माझी आईसुद्धा म्हणायची. तुला ते माहीत नव्हतं, किंवा असेलही.

तो मंगळवार होता. ताई आत तातामीच्या चटईवर झोपली होती. मी पोळ्यांसाठी कणीक घेत होते, माझी लेक रेवा शाळेतून येऊन ओट्यापाशी बिस्किटं खात उभी होती. तेव्हा ती दहा वर्षांची. तू परातीतल्या कोरड्या पिठावर हात फिरवलास, सपाट केलंस आणि बोटाने काढायला लागलीस. तेच मोठं चित्र, छोटं. आणि बोलायला लागलीस. मी पिठाचा डबा हातात धरून उभी. रेवाचं बिस्किट हातातच राहिलं. काय सांगितलंस ते इथे येणार नाही. सांगून झाल्यावर तळव्याने पीठ पुसलंस आणि म्हणालीस, "हे घरातलं आहे. बायकांचं. कागदावर जायचं नाही." मी हो म्हटलं. रेवानेही मान हलवली. मग त्याच पिठात पाणी घालून मी कणीक मळली आणि आपण पोळ्या खाल्ल्या.

आता लाज वाटेल ते लिहिते. म्हणजे आतापर्यंत जे लिहिलं त्याची वाटली ती वेगळी.

प्रदर्शनाला चार दिवस राहिले होते. आमचे साहेब मोरिता-सान चांगला माणूस. ते म्हणाले, लोक चित्रासमोर दहा सेकंद थांबतात, आणि शेजारी वाचायला काही असलं तर दोन मिनिटं थांबतात. तुम्ही इतके दिवस बाईंबरोबर आहात, थोडं लिहून द्याल का, चित्रात काय आहे ते? मी म्हणायला हवं होतं, की त्या सांगत नाहीत. एवढं एक वाक्य. ते मोरिता-सानांनी निमूट मान्यही केलं असतं. मी म्हटलं, प्रयत्न करते.

आणि बसून लिहिलं. एका बैठकीत. इतकं चांगलं जपानी मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मनाची समजूतही घातली. सगळं नाही, निम्मंच सांगतेय. नाव नाही घेतलं कुणाचं. शिवाय जपानीत आहे, तिकडे वाळवंटात कोण वाचणार? मावशीला तर एक अक्षर कळायचं नाही. हे शेवटचं मी स्वतःशी मनात म्हटलं, स्पष्ट शब्दांत, आणि मला तेव्हा काहीही वाटलं नाही.

मोरिता-सानांनी वाचलं. चष्मा काढला. पुन्हा वाचलं. आणि मला कमरेतून वाकून नमस्कार केला, "सुबाराशिई" म्हणाले. म्हणजे अप्रतिम. इतक्या वर्षांत या देशात माझ्या पोळ्यांना, माझ्या साडीला, माझ्या मुलीच्या उच्चारांना लोक छान म्हणाले होते. माझ्या कामाला कुणी म्हणालं नव्हतं. करार वाढावा म्हणून लिहिलं असं मी नंतर मंदारला सांगितलं, तेही खोटं. करार तसाही वाढला असता. मला ती वाकलेली मान हवी होती, दुसरं काही नाही. त्या मानेपायी मी तुला विकलं म्हणेन, पण विकणाऱ्याला निदान काही मिळतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तू, ताई, मी आणि रेवा बघायला गेलो. चित्र भिंतीवर उभं होतं, शेजारी पांढरा फलक. तू चित्राकडे फार बघितलं नाहीस, ते तुला पाठच होतं. फलकापाशी गेलीस. त्यावरच्या उभ्या ओळींवर बोट न लावता, वरून खाली, नजर फिरवलीस आणि मला विचारलंस, काय लिहिलंय? मी म्हटलं, तुझं नाव, तुझी जमीन, आणि हे पाण्याच्या जागेचं चित्र आहे असं.

"एवढंच?"

"एवढंच."

तू मान डोलावलीस. शेजारी रेवा उभी होती. तिला मराठी वाचायला अडखळायला होतं, पण जपानी ती पाण्यासारखं वाचते. मी तिच्याकडे बघितलंच नाही. परतताना ट्रेनमध्ये माझ्या बाहीला धरून ती जपानीत पुटपुटली, की आजीने हे लिहायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, मोठ्यांच्या कामातलं तुला काय कळतं. फुनाबोरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तू आणखी आठ दिवस होतीस. पुन्हा घरी आलीस, जेवलीस, मंदारला पुन्हा आतल्या खोलीत बसावं लागलं. पण पिठात पुन्हा काही काढलं नाहीस. मला वाटलं, थकली असेल. मी दोनदा विचारलंसुद्धा, त्या गोष्टीत पुढे काय होतं? तू म्हणालीस, पोळी करपतेय बघ. खरंच करपत होती.

मग तू गेलीस, आणि दीड वर्षाने तुझी किडनी गेली. डायलिसिसच्या मशीनसाठी तुला तुझ्या गावापासून गाडीने दिवसभराच्या अंतरावरच्या शहरात राहावं लागलं. तिथे वाळू नाही, रंग लावायला बसायला जागा नाही, चार तास एका खुर्चीत. त्या चार तासांत ताई मला फोन लावून द्यायची. तू मेतकूट पाठव म्हणायचीस, मी पाठवायचे. हवामान, रेवाची शाळा, तुझे गुडघे. प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर मी ठरवायची, पुढच्या वेळी सांगायचं. सांगायला तसं फार नव्हतं गं. मावशी, मी तुझं कागदावर घातलं आणि तुझ्याशी खोटं बोलले. दोन वाक्यं. दीड वर्ष दर आठवड्याला फोन होता, आणि मला तेवढी दोन वाक्यं जमली नाहीत. दिवसभर दोन भाषांत लोकांची वाक्यं इकडची तिकडे करते, स्वतःचं एक करता आलं नाही.

शेवटच्या फोनमध्ये तू फारशी बोललीच नाहीस. मशीनचा आवाज येत होता. मी तुला मेथीच्या लाडवांची कृती सांगत बसले.

तर असं हे. आणि ताई म्हणते, तुला सगळं नीट ठाऊक आहे.

तुझं चित्र सध्या क्योतोला आहे, तिथल्या प्रदर्शनात, आमच्या फलकासकट. सकाळच्या शिनकान्सेन बुलेट ट्रेनने गेले. पिशवीत पांढरा जाड कागद, पट्टी, कात्री, चिकटपट्टी. तिथल्या लोकांनी फार अदबीने सगळं ऐकलं, दारातला तुझा फोटो लगेच उतरवला. फलकावरचं तुझं नाव मी माझ्या हाताने झाकलं. कागद सरळ लागला ना बघायला दोन पावलं मागे आले. नाव झाकलं गेलं होतं. त्याखाली माझ्या अकरा ओळी स्वच्छ दिसत होत्या. तुमच्या रीतीप्रमाणे जे झाकायचं ते मी झाकलं होतं, आणि त्याच फलकावर, त्याच रीतीने जे कधीच लिहायचं नव्हतं, ते तीन वर्षं टांगलेलं होतं. एक म्हातारे जपानी जोडपं तिथे उभं राहून वाचत होतं. बाईने नवऱ्याला एक ओळ हळू आवाजात वाचून दाखवली. माझं वाक्य, तुझी गोष्ट. मान वर करवेना. वाटलं, भुई दुभंगावी आणि आत जावं.

बाहेर आले. बस स्टॉपच्या बाकावर बसले, दोन बस सोडल्या आणि ताईला फोन लावला. सांगितलं. आधी इकडचं तिकडचं केलं नाही, कारण केलं असतं तर पुन्हा राहिलं असतं. पीठ, फलक, मोरिता-सान, एवढंच म्हटलेलं खोटं. म्हटलं, आत्ता जाऊन तो फलक उतरवायला सांगते, पण तीन वर्षं शेकडो लोकांनी वाचलं, ते मला परत घेता येणार नाही.

 ताई म्हणाली, काय लिहिलंय ते मला सांग. इकडेतिकडे एकदा बघून घेतलं, आसपास कोणी नव्हतं, आणि माझ्याच अकरा ओळी तिला इंग्रजीत सांगितल्या.

"हे आम्ही लहान पोरांना सांगतो," ती म्हणाली. "अगदी पहिलं. पोटात राहतं का बघतात. राहिलं तर पुढचं."

मला आधी सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. म्हणजे फार मोठं काही गेलं नव्हतं. आणि मग समजलं. तू मला चाळिशीच्या बाईला पहिलं अक्षर दिलं होतंस, आणि मी ते चार दिवससुद्धा सांभाळलं नाही.

मी विचारलं, तिला माहीत होतं? ताई म्हणाली, त्याच दिवशी. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तू मोरिता-सानांशी बोलायला गेलीस तेव्हा तिने तुझ्या मुलीला विचारलं, आणि मुलीने सगळं वाचून दाखवलं. मी म्हटलं, मग फलक काढायला का नाही सांगितलं? ताई म्हणाली, मीही हेच विचारलं होतं. ती म्हणाली, राहू दे, पोरांचीच गोष्ट आहे, ती येऊन सांगेल मला. वाट बघत होती तुझी.

दर आठवड्याला, त्या खुर्चीत बसून.

मी रडत होते म्हणून असेल, ताई म्हणाली, गोष्ट वाया नाही गेली. पुढचं तिने दुसऱ्या कुणाला तरी दिलंय. आमच्यात तसंही ते आजीनेच नातीला द्यायचं असतं. पण तू तिला विचारायचं नाहीस.

तेव्हा मला तुझा टोकियोतला शेवटचा रविवार आठवला. तुला वाळू बघायची होती. फुनाबोरीत कुठली वाळू, म्हणून आपण जवळच्या पार्कातल्या मुलांच्या वाळूच्या हौदाशी गेलो होतो. मी बाकावर बसून मोरिता-सानांना ईमेल लिहीत होते. तू आणि रेवा हौदात मांडी घालून बसला होतात, डोक्याला डोकं लावून, आणि तुझं बोट वाळूत चाललं होतं. खूप वेळ. मी चहाचे कॅन घेऊन जवळ आले तशी तू तळव्याने वाळू सपाट केलीस. मी रेवाला म्हटलं, बघ, आजी किती व्यवस्थित आहे, मागून येणाऱ्या मुलांसाठी जागा साफ करून ठेवते.

फलक त्याच दुपारी उतरला. मोरिता-सानांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, चूक माझीही आहे, मी मागायला नको होतं. मला तो उदारपणा घ्यावासा वाटला, पण घेतला नाही. त्यांनी फक्त मागितलं होतं. त्यांना कुणी पिठात काढून दाखवलं नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा रेवा टेबलावर गणितं सोडवत बसली होती. आता तेराची आहे, माझ्या खांद्याला लागते. ताईने विचारू नको म्हणून सांगितलं होतं. तरी मी विचारलं. जित्याची खोड. म्हटलं, रेवा, पार्कात त्या दिवशी आजीने तुला काही सांगितलं होतं?

"हो," ती म्हणाली. पेन्सिल चालूच होती.

"काय सांगितलं?"

तिने पेन्सिल ठेवली. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, घाबरून नाही. त्या वयाच्या मुली आईकडे ज्या नजरेने बघतात तसंही नाही.

"तुला नाही सांगणार, आई."

तीन वर्षं, मावशी. एका दहा वर्षांच्या पोरीने ते पोटात ठेवलं. मैत्रिणीला नाही, बापाला नाही, शाळेच्या निबंधात नाही, मी ओरडले तेव्हा चिडून नाही. तू इथल्या इथे, माझ्याच घरात, नीट माणूस शोधलंस. फक्त ते माणूस मी नव्हते. मला फार लाज वाटली. आणि त्या लाजेतच वाटलं, की उठावं आणि या पोरीच्या पाया पडावं.